रेंज नसलेल्या वाडीत फोन दुपारीच का उतरतो?

प्रश्न: मी भोर तालुक्यात डोंगराकडच्या तीन वाड्यांमध्ये आशा सेविका आहे. माझा फोन अडीच वर्षांचा आहे, दोन सिमचा, ५००० एमएएच बॅटरीचा. सकाळी सातला १०० टक्के असतो, दुपारी दोनला १५. घरी असेन त्या दिवशी मात्र तोच फोन रात्रीपर्यंत टिकतो. सर्व्हेच्या नोंदी, आयुष्मान कार्डाचं ई-केवायसी, फोटो, व्हॉट्सॲप ग्रुप, सगळं याच फोनवर. गरोदर बायांचे फोन कधीही येतात, त्यामुळे बंद ठेवता येत नाही. दुकानदार म्हणतो बॅटरी गेली, बदला. मुलगा म्हणतो, मागे उघडी राहिलेली ॲप सारखी काढत जा आणि एक बॅटरी सेव्हर ॲप टाक. मैत्रीण म्हणते, एकदा शून्यावर आण आणि मग पूर्ण चार्ज कर. कोणाचं ऐकू?

उत्तर: ताई, तूर्त कोणाचंच नको. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तुम्हीच लिहिलं आहे: घरी असलात की तोच फोन रात्रीपर्यंत टिकतो. बॅटरी खरोखर गेलेली असती तर तिने घरीही दगा दिला असता. अडीच वर्षांत ती थोडी थकली असणार, तिच्याकडे नंतर येऊ. पण वाडीवर सात तासांत ८५ टक्के उडतात, त्याचं पहिलं कारण रेंज आहे.

फोन नुसता पिशवीत पडलेला असला तरी टॉवरशी त्याचं बोलणं चालू असतं. टॉवर जवळ असेल तर हे बोलणं कुजबुजीत होतं, अगदी थोड्या मिलिवॉटमध्ये. टॉवर लांब किंवा डोंगराआड असेल तर फोनला ओरडावं लागतं. ४जी फोन साधारण २०० मिलिवॉटपर्यंत आवाज चढवू शकतो आणि तेवढं बाहेर टाकण्यासाठी आतला ॲम्प्लिफायर त्याच्या कित्येक पट वीज खातो. त्यात कमी रेंजमध्ये पाठवलेलं नीट पोहोचत नाही, म्हणून तेच पुन्हा पुन्हा पाठवावं लागतं. घरी पाच सेकंदांत जाणारा फोटो वाडीवर दोन मिनिटं गोल फिरत राहतो, अर्ध्यावर तुटतो, परत पहिल्यापासून सुरू होतो. तेवढा सगळा वेळ फोन पूर्ण ताकदीने ओरडत असतो. आणि रेंज पूर्ण गेली की एकामागून एक सगळे बँड, म्हणजे रेडिओ लहरींचे पट्टे, तपासत टॉवर शोधणं सुरू होतं. दोन सिम म्हणजे हा शोध दोनदा.

म्हणून आधी मोजा. रेंजच्या काड्यांवर विसंबू नका, एकाच जागी दोन फोनवर वेगवेगळ्या काड्या दिसतात. सेटिंग्जमध्ये सगळ्यात खाली 'अबाऊट फोन', त्यात 'स्टेटस' आणि मग 'सिम स्टेटस' उघडा. काही फोनमध्ये पहिल्या सिमसाठी एक आणि दुसऱ्यासाठी एक अशा दोन वेगळ्या ओळी असतात. तिथे 'सिग्नल स्ट्रेंग्थ' पुढे उणे चिन्हाचा एक आकडा आणि डीबीएम असं लिहिलेलं असतं. तो असा वाचायचा: ४जीवर उणे ९० किंवा त्याहून लहान आकडा, म्हणजे उणे ८५, उणे ८०, ही चांगली रेंज. उणे १०० ते ११० म्हणजे फोन दमतोय. उणे ११५ च्या पुढे गेलात की बॅटरी डोळ्यांदेखत उतरते. हा आकडा सरळ मोजपट्टीसारखा नाही. दर १० ला ताकद दहापटीने बदलते, म्हणजे उणे ९० च्या जागी उणे ११० दिसलं तर तुमच्यापर्यंत पोहोचणारा सिग्नल शंभरपट कमी झाला.

दोन दिवस तुमच्या फिरतीच्या वाटेवर हे आकडे वहीत लिहा. घर, उपकेंद्र, खिंड, प्रत्येक वाडीतली अंगणवाडी, शाळेचा ओटा, देवळाचा पार. दोन्ही सिमचे वेगळे लिहा. फोन कुठे उघडायचा आणि कोणतं सिम चालू ठेवायचं हे ही वहीच सांगेल. चार पावलांनी फार फरक पडतो. दगडी भिंतीच्या, पत्र्याच्या घरात उणे ११५ असेल तर अंगणात उणे १०३ मिळू शकतं. पत्रा रेडिओ लहरी अडवतो, म्हणून नोंद करायला ओटीवर किंवा दाराबाहेर बसलेलं बरं.

आता सिमचं. ज्या सिमचा आकडा वाडीवर सतत वाईट आहे ते फिरतीच्या वेळेत बंद ठेवा. त्यासाठी सिम काढायची गरज नाही, सेटिंग्जमधल्या 'सिम कार्ड'मध्ये त्याचं बटण असतं. पण तुमचा नंबर बायांकडे आहे आणि तो लागलाच पाहिजे, म्हणून बंद करण्याआधी एक काम करा. फोन ॲपच्या सेटिंगमध्ये 'कॉल फॉरवर्डिंग' आहे. तिथे बंद करायच्या सिमसाठी 'अनरीचेबल' या ओळीत चालू सिमचा नंबर भरा. ही नोंद कंपनीच्या यंत्रणेत राहते, त्यामुळे सिम बंद असलं तरी त्यावर आलेला कॉल दुसऱ्या सिमवर वाजतो. मग शेजारच्या फोनवरून एक कॉल लावून खात्री करून घ्या, न तपासता वाडीवर जाऊ नका. आणि हे सेटिंग नेहमी स्वतःच्या हाताने करायचं. अनोळखी माणूस फोनवर एखादा कोड दाबायला सांगेल तर दाबू नका. त्या मार्गाने तुमचे कॉल आणि ओटीपी भलत्याच नंबरवर वळवून फसवणूक झालेली आहे.

नेटवर्कचा प्रकारही पाहा. फोन ५जीचा असेल तर 'प्रिफर्ड नेटवर्क टाइप'मध्ये ४जी निवडा, कारण ५जीचा टॉवर नाही तिथे तो शोधत बसण्यात अर्थ नाही. काही दऱ्यांमध्ये ४जी अजिबात पोहोचत नाही, पण एअरटेल, व्ही किंवा बीएसएनएलचं २जी पोहोचतं. अशा जागी नुसते कॉल येण्यासाठी त्या सिमला 'फक्त २जी' असा पर्याय देता आला तर फोन शोधत राहण्याऐवजी एका जागी स्थिर राहतो. जिओला मात्र हे चुकूनही करू नका. जिओचं २जी, ३जी मुळातच नाही, सिम पूर्ण मुकं होईल.

यानंतर सगळ्यात जास्त फायदा देणारी गोष्ट, मोबाइल डेटा. आमचं ठाम मत आहे की वाडीवर असताना डेटा बंद आणि कॉल चालू, ही तुमच्या फोनची नेहमीची स्थिती असावी. वरून पडदा ओढून डेटाच्या बटणावर एकदा बोट लावलं की झालं. कॉल आणि साधे मेसेज येत राहतात. बंद होते ती व्हॉट्सॲपची, फोटो बॅकअपची, प्ले स्टोअरच्या अपडेटची ओढाताण. फोनने एक लहानसा निरोप पाठवला तरी त्याचा रेडिओ लगेच झोपत नाही, आणखी काही येईल म्हणून साधारण दहा सेकंद जागा राहतो. ग्रुपवर दर मिनिटाला एक 'सुप्रभात' आला तर त्याला झोप मिळतच नाही.

सर्व्हेच्या नोंदींचंही तेच. ॲपमध्ये ऑफलाइन नोंद ठेवून नंतर 'सिंक' करायची सोय असेल तर एकेक घर झाल्यावर पाठवू नका. वीस घरांच्या नोंदी साठवा आणि वहीत जिथे चांगला आकडा लिहिला आहे, त्या खिंडीत किंवा उपकेंद्रात डेटा चालू करून एकदम पाठवा. वीस वेळा उठवण्यापेक्षा एकदाच उठवलेलं. 'सिंक' पूर्ण झाल्याचा संदेश दिसेपर्यंत थांबा, अर्धवट सोडलं तर फोन वाटेत पुन्हा झटत राहील. आयुष्मान कार्डाच्या ई-केवायसीला ही सूट नाही. चेहरा किंवा ओटीपी तिथल्या तिथे पडताळला जातो, त्याला जिवंत नेट लागतंच. म्हणून ते घरोघर न करता चांगल्या आकड्याच्या जागी एका दिवशी दहा-बारा जणांना बोलवून केलेलं परवडतं. उणे ११२ वर एका आजींच्या ई-केवायसीला पाच वेळा प्रयत्न करण्यात जेवढी बॅटरी जाते, तेवढ्यात उणे ९० वर चार-पाच जणांचं होतं. आणि आजींचीही दमछाक वाचते.

फ्लाइट मोड कधी? ज्या टप्प्यात दोन्ही सिमना मुळीच रेंज नाही, तिथेच. समजा दोन वाड्यांमधली पाऊण तासाची चाल दरीतून आहे. तिथे कॉल येणारच नसतो, फोन फक्त शोधून शोधून दमतो. दरीत उतरताना फ्लाइट मोड लावा, चढ संपला की काढा. विसरायला होत असेल तर मात्र हा उपाय करूच नका. तुमचा नंबर लागणं चार टक्के बॅटरी वाचण्यापेक्षा मोलाचं आहे. बऱ्याच जणांना माहीत नसतं की फ्लाइट मोडमध्येही जीपीएस चालतं, कारण त्यात फोन उपग्रहाकडून फक्त ऐकतो, पाठवत काही नाही. नेट नसल्यामुळे पहिल्यांदा जागा सापडायला एखाद-दोन मिनिटं जास्त लागतील, तेवढा वेळ मोकळ्या आकाशाखाली उभं राहा. लोकेशनची परवानगी प्रत्येक ॲपला 'वापरत असतानाच' एवढीच द्या.

पडदा हा दुसरा मोठा खर्च. भर उन्हात उजेड पूर्ण चढवला की एकटा पडदा वॉटभर किंवा जास्त वीज घेतो. तुमच्या बॅटरीत नवी असताना साधारण १९ वॉट-तास होते, आता १५ धरा. म्हणजे चार तास उन्हात चालू पडदा हा पाव हिस्सा झाला. नोंद करायला सावलीत बसा आणि उजेड निम्म्यावर आणा. 'ऑटो ब्राइटनेस' चालू ठेवा, पडदा ३० सेकंदांत बंद होऊ द्या, रिफ्रेश रेट (पडदा सेकंदाला किती वेळा नवा होतो ते) ९० किंवा १२० असेल तर ६० करा. काळ्या रंगाच्या डार्क मोडचा फायदा पडदा कोणत्या जातीचा आहे त्यावर ठरतो. रात्री दिवा मालवून पूर्ण काळा फोटो पडद्यावर उघडा. काळा भाग खोलीइतकाच काळा दिसला तर पडदा ओएलईडी, राखाडी उजेड झिरपताना दिसला तर एलसीडी. एलसीडीमागचा दिवा सतत जळतच असतो, तिथे डार्क मोडने बॅटरी वाचत नाही. ओएलईडीवर वाचते, पण किती? अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने २०२१ मध्ये मोजलं तेव्हा ३० ते ५० टक्के उजेडाला सरासरी ३ ते ९ टक्केच वीज वाचली, पूर्ण उजेडाला मात्र ३९ ते ४७ टक्के. म्हणजे उन्हात काम करणाऱ्यांना तो उपयोगी, घरात फारसा नाही.

आता तुम्हाला मिळालेले सल्ले. मागची ॲप सारखी काढत जाणं आम्हाला पटत नाही. अँड्रॉइड मागच्या बहुतेक ॲपना स्वतःच झोपवतो. ही सोय २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून आहे आणि पुढच्या आवृत्त्यांत ती सुधारत गेली. काढलेलं ॲप पुन्हा उघडताना मुळापासून सुरू होतं, त्यात वीज जास्त जाते. एखादं ॲप खरंच खात असेल तर सेटिंग्जमधल्या 'बॅटरी युसेज'मध्ये ते वर दिसतं. त्याच्या नावावर दाबून 'रिस्ट्रिक्टेड' करा. व्हॉट्सॲप आणि आरोग्याच्या ॲपना हे लावू नका, नाहीतर गरजेचे निरोप उशिरा येतील. व्हॉट्सॲपमध्ये फोटो-व्हिडिओचं आपोआप डाउनलोड तेवढं बंद करा. बॅटरी सेव्हर नावाची बाहेरची ॲप टाकू नका. ती स्वतः मागे चालत राहतात, जाहिराती ओढतात आणि जी ॲप झोपलेली आहेत त्यांनाच मारून पुन्हा उठायला लावतात. फोनमधला स्वतःचा 'बॅटरी सेव्हर' मात्र चांगला आहे, तो ३० टक्क्यांवर आपोआप लागेल असा ठेवा.

शून्यावर आणून चार्ज करण्याचा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला आहे. त्या सारख्या अर्धवट उतरवून भरल्या की त्यांना तेवढ्यावरच थांबायची सवय लागायची. आताच्या लिथियम बॅटरीला शून्य आणि शंभर ही दोन्ही टोकं ताणाची, मधली जागा आरामाची. टक्क्यांचा आकडा उड्या मारत असेल, ४० वरून एकदम २५ दिसत असेल, तर तो नीट करण्यासाठी एखाद्या वेळेस पूर्ण उतरवून पूर्ण चढवायला हरकत नाही. त्याने आकडा सुधारतो, बॅटरी नाही.

मग बॅटरी थकली आहे का? थकली असणार, हिशोब सोपा आहे. एकूण १०० टक्के वीज वापरली की एक चक्र. आज ५० आणि उद्या ५० वापरली तरी ते एकच. रोज एक धरलं तर अडीच वर्षांत नऊशेच्या आसपास चक्रं झाली. तुलनेला सांगायचं तर युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून बाजारात येणाऱ्या फोनसाठी ८०० चक्रांनंतर किमान ८० टक्के क्षमता उरलीच पाहिजे असा नियम केला आहे. तुमच्याकडे ५००० पैकी ४००० च्या आसपास उरलं असेल तर ते वयाला धरूनच आहे.

तपासण्यासाठी एक रात्र द्या. ज्या रात्री कोणाची प्रसूती जवळ आलेली नाही अशी निवडा, आणि घरचा दुसरा नंबर गावात सांगून ठेवा. रात्री दहाला टक्के लिहा, फ्लाइट मोड लावा, सकाळी सहाला पुन्हा बघा. दोन-चार टक्के गेले तर बॅटरी आणि फोन दोन्ही धड आहेत, चोर बाहेर आहे, म्हणजे रेंज. आठ-दहाच्या वर गेले तर एखादं ॲप रात्रभर जागं आहे किंवा बॅटरीत दोष आहे. नेमका आकडा हवा असेल तर ॲक्यूबॅटरी हे ॲप आठवडाभराच्या चार्जिंगवरून उरलेल्या क्षमतेचा अंदाज देतं. ३५०० च्या खाली दाखवलं तर बॅटरी बदला.

आणखी एक खूण: २० टक्के असताना फोटो काढला, फ्लॅश लागला आणि फोन पटकन बंद पडला. चार्जरला लावल्यावर पुन्हा १८ टक्के दिसतात. जुन्या बॅटरीचा आतला रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाढलेला असतो. एकदम जास्त वीज मागितली की तिचा दाब (व्होल्टेज) कोसळतो आणि फोन स्वतःला वाचवायला बंद होतो. असं होत असेल तर मात्र दुकानदाराचं बरोबर. बदलायची तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये, मजुरीसह किंमत आधी लिहून घेऊन. स्वस्त नकली सेलवर ५००० छापलेलं असतं, आत तेवढं नसतं.

बॅटरीला सगळ्यात जास्त म्हातारं करतं ते ऊन. स्कूटरच्या हँडलवर लावलेला फोन एप्रिलच्या दुपारी इतका तापतो की हात लावता येत नाही. मग तो स्वतःच पडदा मंद करतो आणि चार्जिंग थांबवतो. बहुतेक फोन बॅटरी ४५ अंशांच्या वर गेली की चार्ज घेत नाहीत. वाट तुमच्या पायाखालची आहे, नकाशाची गरज नाही. फोन पिशवीत रजिस्टरच्या मधे, सावलीत ठेवा. तापला तर पाण्यात, बर्फात किंवा फ्रीजमध्ये नको, आत ओल धरते. कव्हर काढून वाऱ्यावर ठेवला की पुरे. चार्जिंगही गादीवर, उशीखाली नको, फरशीवर किंवा फळीवर. ८० टक्क्यांवर थांबवण्याचा नियम खरा आहे, पण तुमचा दिवस लांबचा असतो. तुम्ही रात्री १०० पर्यंत भरा, काळजी करू नका. सुट्टीच्या दिवशी तेवढी 'बॅटरी प्रोटेक्ट' मर्यादा लावा.

पॉवर बँक घ्यायची असेल तर १०००० एमएएचची पुरे. ती तुमचा फोन दोनदा भरेल असं वाटेल, पण भरणार नाही. आतला सेल ३.७ व्होल्टचा असतो, फोनला ५ व्होल्ट लागतात, आणि दाब वाढवताना काही वीज उष्णतेत जाते. मागे बारीक अक्षरात 'रेटेड कपॅसिटी' साधारण ६००० च्या आसपास लिहिलेली असते, तोच खरा आकडा. फोन एकदा पूर्ण आणि वर थोडा भरेल. तिच्यावर आणि चार्जरवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि आर अक्षराने सुरू होणारा आठ आकड्यांचा क्रमांक बघा. बीआयएस केअर या सरकारी ॲपमध्ये तो टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते दुकानातच कळतं. पॉवर बँकेवरून चार्ज करताना डेटा बंद आणि फोन सावलीत, नाहीतर बरीच वीज वाया जाते.

आणि फोनची मागची बाजू टेबलावर ठेवल्यावर डुगडुगायला लागली, किंवा पडद्याची कड वर उचललेली दिसली, तर बॅटरी फुगली आहे. त्या दिवसापासून तिला चार्जिंगला लावू नका, दाबून बसवू नका, टोचू नका. फोन बंद करून सर्व्हिस सेंटरला द्या, आणि तोवर सिम घरातल्या दुसऱ्या फोनमध्ये घाला म्हणजे तुमचा नंबर चालू राहील.